ताटावरून कोण उठलं

देवळी,
१२ नोव्हेंबर १९९६

चि. नीलेश,

आशीर्वाद शेवटी एकदम घे, आधी तुझ्या चित्राचं ऐक. नागपूरच्या प्रदर्शनातून ते काल टेम्पोनं आलं. उतरवायला चार माणसं लागली. तू लिहिलं होतंस, "थोडं मोठं आहे, बडोद्याच्या माझ्या खोलीत मावत नाही." तुझ्या खोलीचं सोड, ते आपल्या घरातही मावत नाही. घरातल्या एकेक भिंतीला तुझ्या काकूनं फळ्या ठोकून घेतल्या आहेत. म्हणून दुकानात, गादीच्या मागे, जिथं शालूंचं कॅलेंडर होतं तिथं लावलं. आता गिऱ्हाईक पायरी चढलं की त्याला आधी चित्र दिसतं आणि मग मी.

मला चित्रातलं कळत नाही, पण जे समोर आहे ते दिसतं. जमिनीवर जेवणाचं ताट आहे, अर्धं जेवलेलं. पोळीचा घास मोडून तसाच ठेवलेला. पाट तिरपा झालेला. पाण्याचा गडवा आडवा, पाणी सांडलेलं. मागे उघडं दार आणि दारातून ऊन. माणूस मात्र नाही. एवढा मोठा कॅनव्हास घेतलास, कोपऱ्यात जागाही रिकामी आहे, मग माणूस का नाही काढलास? काकूचा तर घास अडकला आहे. काल वाढता वाढता म्हणाली, "आपल्या नीलेशले इचारा बरं, ताटावरून उठलं कोण ते. आणि काऊन उठलं."

तेव्हा कळव. दुसरी बातमी म्हणजे मी सासरा होणार, आपल्या मयुरीचं लग्न ठरलं. मुलगा हिंगणघाटचा, शाळेत मास्तर आहे. वैशाखात उरकायचं आहे.

तुझा,
सदाशिवकाका

*

बडोदा,
२१ नोव्हेंबर १९९६

आदरणीय काकाजी,

मयुरीची बातमी वाचून फार आनंद झाला. मास्तर आहे म्हणजे तिला अधूनमधून छडी बसेल असं तिला सांगा, मग ती काय म्हणते ते मला कळवा.

चित्राबद्दल थोडं समजावून सांगतो. त्या ताटावरून कोणी उठलेलं नाही, कारण त्यावर कोणी बसलेलंच नव्हतं. ते जेवणाचं चित्र नाही, ते पिवळ्या रंगाचं चित्र आहे. वरणाचा पिवळा, पितळेचा पिवळा आणि उन्हाचा पिवळा हे तिघं एकमेकांशेजारी कसे वागतात, एवढाच त्याचा विषय. ताट हे फक्त निमित्त. म्हणून त्याचं नाव 'पिवळा, तीन' असं आहे. चित्रात गोष्ट शोधायची आपल्याकडे सवयच आहे, पण चित्र नुसतं पाहावं, त्याला प्रश्न विचारू नयेत, असं माझं मत आहे.

मुंबईच्या एका गॅलरीनं मार्चमध्ये माझी चार चित्रं लावायचं कबूल केलं आहे. माझं मुंबईतलं पहिलंच प्रदर्शन. त्यात हे चित्र मधोमध राहील, तेव्हा फेब्रुवारीअखेर मी ते न्यायला येईन. तोवर त्याला ऊन लागू देऊ नका, कोणाला हात लावू देऊ नका, आणि कृपा करून त्याच्या चौकटीवर साड्या टांगू नका.

आपला,
नीलेश

*

देवळी,
१८ डिसेंबर १९९६

चि. नीलेश,

साड्या काढल्या. तुला कोणी सांगितलं ते मात्र कळलं नाही.

तुझं पत्र मी दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. बंडूजी, आपले शेजारचे खत-बियाणंवाले, सगळं ऐकून म्हणाले, "पिवळा तीन जेवाले बसला, मंग पिवळा एक अन् दोन कुठी गेले?"

नुसतं पाहावं म्हणतोस, पण इथं कोणी नुसतं पाहत नाही रे. सध्या कापसाचा हंगाम आहे, कापूस विकून माणसं कापड घ्यायला येतात, आणि कापड राहतं बाजूला. बंडूजींच्या मते भाजीत मीठ जास्त झालं म्हणून तो माणूस उठला. निवृत्त हेडमास्तर अण्णाजी घरून भिंग घेऊन आले, बराच वेळ दार तपासलं आणि निकाल दिला की दारात तारवाला आला होता, तार वाईट होती. जिजाबाई लुगडं घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आधी खाऊन घे म्हणा बाप्पा, मंग रुसत बस. अन्नानं काय केलं तुहं?" जाताना त्यांनी पदरानं ताटावरची माशी हाकलली. माशी खरी होती, चित्रातली नव्हती. दोघं जण तर भांडता भांडता वर्ध्याची बस चुकवून बसले आणि मला त्यांना चहा पाजावा लागला.

इथवर सगळं गमतीत होतं. मग गेल्या आठवड्यात सिंदीचा लहानू आला, सिंदी रेल्वेचा, आपल्याकडून ठोकात टॉवेल नेतो तो. चित्रासमोर उभा राहिला, डोक्याची टोपी काढली आणि म्हणाला, "हे तं रूपरावजीचं ताट व्हय."

तुझे वडील, आपले दादा, गेल्यावर तू याच घरात वाढलास, तेव्हा तुला नव्यानं सांगायला नको, तरी लिहितो. पंच्याऐंशी साली या दुकानाचं उद्घाटन केलं, तेव्हा पंगत इथंच बसली होती. वडाभातावरचं फोडणीचं तेल आधी पुलगावच्या ठोक व्यापाऱ्याला वाढलं गेलं आणि आपल्या जावयाला नंतर. तुझ्या कोकिळा आत्याचे यजमान रूपरावजी अर्ध्या जेवणावरून उठले. "या पायरीवर पाय ठेवणार नाई" म्हणाले आणि तिला घेऊन गेले. तेव्हापासून माझ्या बहिणीनं माहेरचं पाणी प्यायलेलं नाही. आपल्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते. मयुरीला आत्या एकच आहे. ती यावी म्हणून मी तिच्या सासरी सिंदीला दोनदा निरोप धाडला, उत्तर नाही. आता स्वतः जाऊन पाय धरावे असं ठरवत होतो, तर लहानूनं गावभर केलं की सदाशिवनं जावयाची फजिती रंगवून भिंतीवर टांगली आहे.

आता खरं सांग. त्या दिवशी तू काय पाहिलंस? माझ्यापासून लपवू नकोस. बहिणीचा प्रश्न आहे.

काका

*

बडोदा,
२७ डिसेंबर १९९६

काकाजी,

मी शपथेवर सांगतो, मी काहीही पाहिलेलं नाही. त्या दिवशी मला गालफुगी झाली होती. काकूनं तोंडाला मफलर बांधून मला मागच्या खोलीत निजवलं होतं आणि पंगतीतला फक्त वास माझ्या वाट्याला आला. काकूला विचारा.

ते ताट बडोद्याच्या आमच्या मेसमधलं आहे. पाट घरमालकिणीचा आहे. गडवा मीच आडवा केला, कारण चित्रात सगळं गोल आणि आडवं झालं होतं आणि डावीकडून दाराकडे जाणारी एक तिरपी रेघ हवी होती. या गडव्यावर सगळं चित्र उभं आहे. रूपराव मामाजी ते काढताना माझ्या मनातसुद्धा नव्हते.

चित्र ताबडतोब उतरवा आणि भिंतीकडे तोंड करून ठेवा. माझ्या एका रंगकामामुळे आत्या यायची राहिली तर मला जन्मभर टोचत राहील.

नीलेश

*

देवळी,
१९ जानेवारी १९९७

चि. नीलेशला काकूचा गोड आशीर्वाद. संक्रांतीचा तिळगूळ पाठवला तो पोचला का? यांना लिहायला सुचत नाही, म्हणून मी लिहिते.

गालफुगीचं खरं आहे. मफलर माझाच होता, तो तू परत दिला नाहीस.

तू सांगितल्याप्रमाणे यांनी चित्र उतरवलं. मग तर कहरच झाला. "उतरवलं म्हणजे खरंच असन" असं लोक एकमेकांना सांगू लागले. ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही पाहायला आले आणि रिकामी भिंत पाहून त्यांनी जे ठरवलं ते चित्रापेक्षा वाईट होतं. म्हणून परत टांगलं.

मागच्या बाजाराच्या दिवशी मी दुकानात पातळांच्या घड्या घालत होते. समोर रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानापाशी धोतर-कोट घातलेले एक गृहस्थ उभे होते आणि चष्मा पुढे-मागे करून आमच्या दुकानात पाहत होते. मी यांना कोपर मारलं. रूपरावजी होते. केस पिकले आहेत, पण मान तशीच ताठ. हे मापाची पट्टी हातात धरून जागच्या जागी उभे राहिले.

बाजाराची गर्दी. एक अनोळखी माणूस त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांनाच मोठमोठ्यानं चित्र समजावून सांगू लागला, "पाहून राह्यले का? तो जवाई व्हता. लय तापट. उठता उठता लाथ मारली गडव्याले." रूपरावजी म्हणाले, "लाथ नाई मारली त्यानं." तो म्हणाला, "तुमी व्हते काय तठी?" रूपरावजी म्हणाले, "व्हतो." असं करत करत दोघं भांडत रस्ता ओलांडून आले. तो माणूस पायरी चढून बोट दाखवू लागला, "हा पाहा गडवा, लाथेशिवाय असा पडते काय?" आणि त्याला खोटं पाडायला रूपरावजी तरातरा पायरी चढले आणि चित्राला नाक लावून उभे राहिले.

पायरी चढल्याचं त्यांना नंतर लक्षात आलं. तोवर उशीर झाला होता. तसेच उभे राहून पाहत होते. मला वाटलं, आता काय होतं कुणास ठाऊक. ते हळूच म्हणाले, "पोळीचा घास असाच राह्यलता. लय भूक व्हती मले." मग यांच्याकडे न बघता पुढे म्हणाले, "पण गडवा म्या नाई पाडला." आणि गेले. यांच्या तोंडून "पाणी घेता का" एवढंसुद्धा निघालं नाही. संध्याकाळी स्वतःवरच चिडून न जेवता बसले होते. मी म्हटलं, आता तुम्ही कशाला ताटावरून उठता, एक चित्र पुरे आहे.

तुझी,
कौशल्याकाकू

*

सिंदी (रेल्वे),
२ फेब्रुवारी १९९७

श्रीयुत चित्रकार नीलेशराव यांस,

आपण मोठे कलावंत झालात याचा आम्हांस आनंद आहे. लहानपणी आपणांस खांद्यावर बसवून आम्ही रेल्वे दाखवली होती, हे आपणांस स्मरत नसेलच.

आमच्या ताटाचं चित्र आम्ही प्रत्यक्ष पाहिलं. पाहण्याचा हेतू नव्हता, परंतु परिस्थिती तशी आली. ताट बरोबर आहे. वरण अंमळ पातळ दाखवलं आहे, ते चालेल. पाट बरोबर. दारातलं ऊन तर अगदी तेव्हाचंच आहे, याबद्दल आपली तारीफ करणं भाग आहे. परंतु गडवा साफ चूक आहे. आम्ही उठलो ते रीतसर उठलो. ताटाला नमस्कार केला, पाट हळूच सारला, गडव्यास आमचा पाय लागला नाही. रागावलेला माणूस आणि रीत सोडलेला माणूस यात फरक असतो. आज संपूर्ण तालुका आम्हांस पाणी लाथाडणारा समजतो आहे.

आता विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. लोक तेलाचं सांगतात. तेल आम्हांस घरी भरपूर आहे. आम्ही उठलो तेव्हा डाव्या हाताला आपले काकाजी बसले होते. आम्ही दारापर्यंत सावकाश गेलो. वहाणा घालायला पुष्कळ वेळ घेतला, एक वहाण तर काढून परत घातली. भरल्या पंगतीतून एका माणसानं "थांबा" म्हटलं नाही. राग त्याचा आहे.

तरी आपण येऊन तो गडवा उभा करून द्यावा. गडवा उभा झाला की आम्ही लग्नाचा विचार करू, आणि सौ. कोकिळेस पाठवू. ती हल्ली कापूस वेचणाऱ्या बायांनासुद्धा त्या चित्राचं विचारत असते.

आपला,
रूपराव

*

बडोदा,
११ फेब्रुवारी १९९७

आदरणीय मामाजी,

तुमचं पत्र मिळालं. रेल्वे मला आठवते, मालगाडी होती आणि मी रडलो होतो.

मी दोन दिवस गडवा उभा करून पाहिला, म्हणजे कागदावर. उभा केला की चित्र बसून जातं. पण ते कारण तुम्हाला का पटावं, म्हणून तुमच्यासारखंच ताट-पाट-गडव्याकडे नीट पाहून लिहितो. तुम्ही फक्त चित्र डोळ्यांपुढे आणा.

पाट कोणत्या बाजूला सरकला आहे? उजवीकडे. म्हणजे उठणारा माणूस उजवीकडून दाराकडे गेला. गडवा कुठं आहे? ताटाच्या डावीकडे. उजवीकडून जाणाऱ्याचा पाय डावीकडच्या गडव्याला लागेल कसा? तेव्हा तो तुम्ही पाडलेला नाही हे चित्रातच दाखवलेलं आहे. लोक नीट पाहत नाहीत, त्याला मी काय करू?

आता गडव्याचं तोंड पाहा. ते दाराकडे आहे. ज्याचा पाय त्याला लागला तो माणूस दाराच्या दिशेनं चालला होता, आणि घाईत होता. म्हणजे तुमच्या डाव्या हाताला बसलेला कोणी तरी तुमच्या मागे धावला होता. पोचला की नाही ते चित्रात नाही. पण उठला होता, एवढं नक्की.

गडवा उभा केला तर तो धावलेला माणूस पुसला जाईल. तुम्ही सांगत असाल तर मी येऊन करतो. पण एकदा विचार करा.

तुमचा,
नीलेश

*

देवळी,
२६ फेब्रुवारी १९९७

चि. नीलेश,

तू त्यांना काय लिहिलंस ते मला आधी का नाही सांगितलंस? मी बेसावध सापडलो.

काल दुपारी मी एका बाईला परकराचं कापड मोजून देत होतो. रूपरावजी आले, पायरी चढले, सरळ माझ्यापुढे उभे राहिले आणि तुझं पत्र खिशातून काढून म्हणाले, "माह्या डाव्या हाताले कोण बसलतं?" मी म्हटलं, "मी." म्हणाले, "तू उठलता काय माह्या मागं?" कापड माझ्या हातात तसंच. बंडूजी दारात, अण्णाजी भिंगासकट गादीवर, ती बाई परकर विसरून तोंडाकडे पाहते आहे. मी चित्राकडे पाहिलं. ते चित्र मी साडेतीन महिने रोज पाहतो आहे, नीलेश. मी म्हटलं, "उठलतो. पाय लागला गडव्याले. पाणी सांडलं, ते पाहत राह्यलो, अन् तुमी गेलते."

त्यांनी पत्राची घडी करून परत खिशात ठेवली. मग म्हणाले, "मंग सांगाचं नाई काय बे इतके दिवस?" आणि गादीवर बसले. मी पाणी दिलं. त्यांनी गडवाभर प्यायलं. आम्ही दोघंही रडलो, अण्णाजींनी भिंग पुसलं आणि त्या बाईनं परकराचे पैसे कमी करून घेतले.

आता तुला एकट्याला विचारतो, बाहेर बोलू नकोस. मी खरंच उठलो होतो का? चित्र यायच्या आधी मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कोण जाणे, बसूनच असेन, चार पाहुण्यांसमोर लाज वाटली असेल. पण आता मला चक्क आठवतं. उठलो होतो. डाव्या पायाला पाणी लागलं ते गार होतं. काकू म्हणते, "तुमी कायचे उठता, तुमी तं पापड मोडत बसलते." पण तिचा चेहराही हल्ली तितकासा खात्रीचा दिसत नाही.

कोकिळा येते आहे. हळदीच्या आधी चार दिवस. तू चित्र न्यायला कधी येतोस?

काका

*

बडोदा,
२९ मार्च १९९७

काकाजी,

उशिरा लिहितो आहे, कारण मुंबईचं प्रदर्शन उरकून कालच परतलो. चित्र न्यायला मी आलो नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या जागी 'पिवळा, दोन' लावलं. बंडूजींना सांगा, तो सापडला.

तुम्ही विचारलंत त्याचं खरं उत्तर देतो. तो गडव्याचा हिशेब मी माझं चित्र वाचवायला रचला होता. माझी तिरपी रेघ जाऊ नये, एवढाच माझा स्वार्थ. पण मामाजींना पत्र टाकल्यावर मी माझ्याकडचा फोटो काढून पाहिला आणि मलाच धक्का बसला. तसंच आहे हो. पाट तसाच सरकला आहे, गडवा तसाच पडला आहे, आणि कोणी तरी धावल्याशिवाय तो तसा पडणार नाही. चित्र मी काढलं आणि त्यात माणूस आहे हे मला सगळ्यांत शेवटी दिसलं. तुम्ही उठला होतात की नाही मला माहीत नाही, पण त्या चित्रात तुम्ही उठला आहात, आणि ते आता मलाही पुसता येणार नाही.

मुंबईत सगळं चांगलं झालं. गार सरबत होतं, थंड हवेचं यंत्र होतं. माणसं चित्रासमोरून हळूहळू चालत होती, "छान" म्हणत होती, आणि कोणी हात लावत नव्हतं, कोणी काही विचारत नव्हतं. मला हवं होतं अगदी तसंच. आणि मी कोपऱ्यात उभा राहून तळमळत होतो की एखाद्यानं तरी यावं आणि विचारावं, काऊन रे बाप्पा, हे असं काऊन?

चित्र दुकानातच राहू द्या. 'पिवळा, तीन' हे नाव मी खोडतो आहे. मी शिकवतो त्या शाळेत चित्रकलेच्या परीक्षांचं काम माझ्याकडे आलं आहे, लग्नाला यायची रजा मिळत नाही, याचं फार वाईट वाटतं आहे. मयुरीला एक छोटं चित्र पाठवतो. त्यात माणूस काढला आहे.

नीलेश

*

देवळी,
२४ मे १९९७

चि. नीलेश,

तू आला नाहीस, म्हणून तुझी कोकिळा आत्या हे लिहिते आहे. लग्न छान पार पडलं. मयुरीला पहिली हळद मी लावली. ती रडली, मी रडले, मग नव्या जावयाचा फेटा डोळ्यांवर आला तेव्हा सगळेच हसलो.

मी आले त्या दिवशी मला घरी न नेता आधी दुकानात नेलं. तुझे मामाजी मीटरची पट्टी घेऊन उभे राहिले आणि मला सांगू लागले, "हे माहं ताट." भाऊ मध्येच म्हणाला, "अन् हा माह्या पायानं पडला गडवा." दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं, "बरोबर नं?" मी म्हटलं, बरोबर. दोघांची तोंडं इतकी खुलली होती की दुसरं काही म्हणवेना. आता गिऱ्हाइकांनाही दोघं मिळूनच दाखवतात. एक जण उठतो आणि एक जण धावतो.

दुपारी दुकान बंद करून सगळे जेवायला घरी गेले. मी म्हटलं, मी येते मागून. आणि एकटीच चित्रासमोर बसले.

नीलेश, त्या दिवशी मी वाढत होते. बायांची पंगत शेवटी बसायची होती. सकाळपासून चुलीपाशी होते, पोटात चहाखेरीज काही नव्हतं. हे उठले, तसं वडाभाताचं पातेलं खाली ठेवलं आणि यांच्या मागे निघाले. वर्ध्याच्या स्टँडवर यांनी रागारागात चहा घेतला, मला विचारायचं राहून गेलं. सिंदीला पोचून मी चूल पेटवली. ताटावरून कोण उठलं हे इतकी वर्षं सगळे विचारतात. पण त्या दिवशी ज्या बाईला ताटच मिळालं नाही तिचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मीही कोणाला बोलले नाही. बोलायला लाज वाटायची. एवढं मोठं भांडण, आणि त्यात मला आपली भूक आठवत होती.

चित्रात सगळे रिकामा पाट पाहतात. मी पाहिलं तर मला ताटात उरलेलं अन्न दिसलं. वरण आहे, पोळी आहे, वडाभात नसला तरी आहे असं मी धरून चालले. मला वाटलं, कोणी उठलेलं नाही, हे ताट माझ्यासाठी वाढून ठेवलेलं आहे आणि मीच अजून बसलेली नाही.

भाऊ मला बोलवायला परत आला. मी म्हटलं, "भाऊ, मले भूक लागली." तो म्हणाला, "चाल नं मंग घरी." मी म्हटलं, "इथीच. त्या दिवशीची." त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग तो घरी जाऊन वहिनीला सांगून आला. वहिनीनं वडाभात केला. दुकानात, चित्राखालीच पाट मांडला. मी बसले, आणि भाऊ आणि हे, दोघंही उभे राहून वाढत होते. फोडणीचं तेल यांनी वाढलं, अर्धं जमिनीवर सांडलं.

मी सावकाश जेवले. तीनदा भात घेतला. दारात लोक जमले होते. ताट बोटानं पुसून स्वच्छ केलं, पाणी प्यायले, आणि मग उठले.

तुझी,
कोकिळा आत्या